हॉर्सरॅडिशला नंबर लागतो का?

वेंडेल ब्रेक्केची सगळी फरफट एका चेकपासून सुरू झाली. चेक अठरा डॉलरचा होता. तो लिहिला होता आर्डिस नावाच्या शेजारणीने, आणि तोही "वेंडेल ब्रेक्के" या जित्याजागत्या माणसाच्या नावाने नव्हे, तर बाटलीवरचं लेबल बघून "वेंडेलचं हॉर्सरॅडिश" या नावाने. आर्डिस चाळीस वर्षं त्याच्या शेजारी राहत होती. त्याचं आडनाव तिला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण लेबलावर जे होतं ते तिने चेकवर उतरवलं आणि वर म्हणाली, "आता काय बाबा, तू कंपनी झालास!"

वेंडेलला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मिनेसोटातल्या लेक एडना नावाच्या गावी, तिथल्या शाळेत चौतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून तो निवृत्त झाला होता. एवढ्या वर्षांत त्याला कोणी कंपनी म्हटलं नव्हतं.

गावातल्या एकुलत्या एक बँकेत खिडकीशी केल्सी होती. तीही त्याची विद्यार्थिनी. नागरिकशास्त्रात त्याने तिला काठावर पास केलं होतं, आणि ही गोष्ट दोघांनाही चांगलीच आठवत होती. केल्सीने चेक उलटसुलट करून पाहिला.

"मिस्टर ब्रेक्के, हा तुमच्या खात्यात नाही जमा होणार. धंद्याच्या नावाचा आहे. धंद्याचं वेगळं खातं उघडावं लागेल."

"मग उघड की."

"उघडते. पण तुमच्या धंद्याला केंद्र सरकारचा कर-क्रमांक आहे का?"

"लागतो का?"

"काही धंद्यांना लागतो, काहींना नाही लागत."

"माझ्या धंद्याला?"

"ते तुम्हालाच ठरवावं लागेल. आम्ही कराबद्दल सल्ला देत नाही." मग जरा थांबून, अगदी गोड आवाजात ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला एक धडा शिकवला होता बघा. सरकारी फॉर्मला घाबरू नका, असा. त्याचा तक्ता होता भिंतीवर."

तक्ता होता. वेंडेलने स्वतःच्या हाताने रंगवला होता. तो चेक परत खिशात घालून बाहेर पडला.

आता हा धंदा म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. हॉर्सरॅडिश हा मुळ्याच्याच कुळातला कंद. पण मुळा जिभेवर थांबतो, आणि हा नाकातून वर जाऊन डोक्यात बसतो. तो किसायचा, व्हिनेगर घालायचं, बाटलीत भरायचा आणि भाजलेल्या मांसाबरोबर नखभर खायचा. किसायचं काम घरात करता येत नाही. ज्यांनी केलं त्यांना घर दोन दिवस सोडावं लागलं. म्हणून दर गुरुवारी वेंडेलच्या गॅरेजचं दार सताड उघडून, मागे मोठा पंखा लावून, डोळ्यांवर पोहण्याचे चष्मे चढवून दोन माणसं ते काम करत. त्यातला एक वेंडेल. दुसरा त्याचा मेहुणा ड्वेन, म्हणजे बायकोचा, मार्लिसचा, थोरला भाऊ.

ड्वेनने लग्न केलं नाही. आई गेल्यापासून गावाबाहेरच्या शेतावर तो एकटाच राहत असे. बोलणं बेतास बात. गुरुवारी सकाळी नऊला त्याचा ट्रक दारात लागे, मार्लिस विचारी, "कॉफी घेणार?" तो म्हणे, "नको नको." ती पुन्हा विचारी. तो म्हणे, "उगाच माझ्यासाठी कशाला?" ती तिसऱ्यांदा विचारी, तेव्हा तो म्हणे, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप." आणि मग बसून तीन कप पिई. यात गैर काहीच नव्हतं. लेक एडनात पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट समजला जातो, आणि दुसऱ्या खेपेला हो म्हणणारा परगावचा.

कंद ड्वेनच्या शेताच्या बांधावरून येत, त्याच्या आईने कधीकाळी तिथे लावलेले. किसायचं यंत्र ड्वेनने जुन्या धुलाईयंत्राच्या मोटरीतून बनवलं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे व्हिनेगर. किसल्यावर व्हिनेगर लगेच ओतलं तर तिखटपणा तिथेच मरतो, आणि उशिरा ओतलं तर माणूस मरायला टेकतो. नेमकं केव्हा ओतायचं ते ड्वेनला नाकाने कळे. किसाच्या घमेल्यावर वाकून तो उभा राही, चष्म्याखालून गालांवर पाणी ओघळत असे, आणि एकदम म्हणे, "आता." वेंडेल ओती.

वेंडेलकडे लेबल होतं. शनिवारच्या बाजारात टेबलामागे उभं राहून बोलणंही त्याच्याकडे होतं. आणि "वेंडेलचं हॉर्सरॅडिश" हे नाव वेंडेललाच सुचलं होतं, याचं आश्चर्य वाटायचं कोणाला कारण नव्हतं.

तर नंबर लागतो की नाही, हा प्रश्न घेऊन वेंडेल दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कॅफेत गेला. तिथे रोज निवृत्त मंडळींचं टेबल भरतं आणि कॉफीचं बिल कोणी द्यायचं ते चामड्याच्या डब्यातून फासे टाकून ठरतं. वेंडेलने प्रश्न टेबलावर ठेवला, ही पहिली चूक. कर्मिट हॉगनच्या समोर ठेवला, ही दुसरी. कर्मिटने जन्मभर धान्याच्या मनोऱ्याएवढ्या उंच कोठारावर नोकरी केली आणि त्या उंचीवरून त्याला जगातलं सगळं दिसलं, असं त्याचं मत होतं.

"नंबर घेऊ नकोस," कर्मिट म्हणाला. "घेतलास की त्यांना कळतं तू आहेस म्हणून."

"मी आहे हे त्यांना अडुसष्ट वर्षं ठाऊक आहे. मी दरवर्षी कर भरतो."

"तुला ओळखतात रे ते. तुझ्या हॉर्सरॅडिशला ओळखत नाहीत. तसंच राहू दे."

"तसं नाही हां," पलीकडून हार्लन म्हणाला. हार्लन न्हावी होता, दुकान बंद करून दहा वर्षं झाली तरी समोरच्याच्या केसांकडे बघूनच बोलायचा. "पाटी लावली की नंबर लागतो. माझ्या भाच्याने पाटी लावली, लागलीच नंबर घ्यावा लागला."

"भाच्याचा धंदा काय?"

"ट्रक. चौदा ड्रायव्हर आहेत."

"मग ड्रायव्हरांमुळे लागला असेल ना? पाटीमुळे कसा?"

हार्लनने क्षणभर विचार केला. "पाटी मोठी होती," तो म्हणाला.

यावर टेबलावर बराच वेळ चर्चा झाली. वेंडेलच्या बाजारातल्या टेबलावर पाटी आहे, पण ती पुठ्ठ्याची आहे. पुठ्ठ्याची पाटी ही पाटी धरायची का? कर्मिटचं म्हणणं पडलं की पावसात टिकेल तीच पाटी. मग फासे टाकले, आणि सहा जणांच्या कॉफीचं बिल वेंडेलवर आलं.

घरी येऊन त्याने मार्लिसच्या संगणकावर शोधाशोध केली, तर पहिल्याच फटक्याला एक पान उघडलं. वर सरकारी शिक्क्यावर असतो तसा पंख पसरलेला गरुड, खाली निळी पट्टी. वेंडेलने मनोमन सरकारचं कौतुक केलं आणि नाव, गाव, फोन नंबर भरून मोकळा झाला. पुढच्या पानावर दोनशेएकोणपन्नास डॉलर मागितले तेव्हा मार्लिस मागून म्हणाली, "सरकारचा नंबर फुकट असतो ना? तूच शिकवायचास." तो गरुड कुठल्याशा खाजगी माणसाचा निघाला. वेंडेलने पान बंद केलं, पण फोन नंबर जायचा तो गेला होता. पुढचा आठवडाभर जेवायला बसलं की फोन वाजे. मार्लिसने हिशेब ठेवला होता. "आज चौथा," ती फोन ठेवून सांगे. "आपल्या हॉर्सरॅडिशला कर्ज द्यायला तयार आहे."

शेवटी त्याला खरंखुरं सरकारी पान सापडलं. त्यावर प्रश्न दिले होते. यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर नंबर लागेल, नाहीतर नाही, प्रत्येक नागरिकाला असतो तो आपला सामाजिक सुरक्षेचा क्रमांकच वापरा. प्रश्न इतके सरळ होते की वेंडेलला त्यांचा संशय आला. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, चष्मा नाकावर ओढून, तो वर्गातल्या आवाजात वाचू लागला. मार्लिस सफरचंदं सोलत होती.

"तुमच्याकडे नोकर आहेत का?"

"नाहीत," मार्लिस म्हणाली.

"थांब. आर्डिस बाटल्या धुवायला येते. जाताना एक बाटली घेऊन जाते. हा पगार झाला का?"

"वेंडेल, आर्डिस गप्पा मारायला येते. हात रिकामे नकोत म्हणून बाटल्या धुते. आणि तसं धरलं तर मी एक्केचाळीस वर्षं तुझ्या नोकरीत आहे. माझी थकबाकी काढ आधी."

वेंडेलने "नाही" वर खूण केली. "तुम्ही दारू, तंबाखू किंवा शस्त्रास्त्रं यांच्यावरचा कर भरता का?"

"ड्वेनचा तो जहाल घाणा शस्त्रात धरतात का, ते विचार."

"मार्लिस, हे सरकारी काम आहे." त्याने खूण केली आणि पुढे वाचलं, "तुमचा धंदा भागीदारीत आहे का?"

सोलायची सुरी थांबली. वेंडेलनेही मान वर केली नाही. गॅरेजमध्ये यंत्र होतं, यंत्राशेजारी ड्वेनचे रबरी बूट होते, आणि बांधावरचे कंद धुऊन त्याच्याच पोत्यात भरून ठेवलेले होते.

"ड्वेनला विचार," मार्लिस म्हणाली.

इथवर वेंडेलच्या डोक्यात हा विचार आलाच नव्हता, आणि आला नव्हता याची त्याला आता थोडी लाज वाटली. पण त्या लाजेच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्याने मार्लिसला सांगितली नाही. लेबलावर त्याचं नाव होतं. निवृत्त झाल्यापासून, कुठल्याही वस्तूवर आपलं नाव असण्याची ही पहिलीच वेळ होती.

गुरुवारी यंत्र चालू असताना, दोघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या असताना, त्याने विचारलं. "ड्वेन, एक सरकारी कागद आहे. यात तू भागीदार आहेस असं लिहू का?"

ड्वेन घमेल्यावर वाकलेला होता. "छे छे," तो म्हणाला. "माझं कसलं काय त्यात!"

"बरं," वेंडेल म्हणाला.

ड्वेन थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, "आता." वेंडेलने व्हिनेगर ओतलं. त्या दिवशीचा घाणा जरा जास्तच तिखट झाला होता, पण वेंडेलच्या ते लक्षात आलं नाही. तो मनातल्या मनात शेवटच्या प्रश्नावर खूण करत होता.

मग कामाला वेग आला. नंबर लागत नाही हे केल्सीला त्याने सरकारी पान छापून नेऊन दाखवलं. केल्सी म्हणाली, छान, पण "वेंडेलचं हॉर्सरॅडिश" हे टोपणनाव झालं, त्याची राज्याकडे नोंद हवी, आणि नोंदीची जाहिरात गावच्या साप्ताहिकात लागोपाठ दोन अंकांत छापून यायला हवी, हा मिनेसोटाचा कायदाच आहे. वेंडेलने तेही केलं. साप्ताहिकात, जप्तीच्या नोटिशी आणि हरवलेल्या गाईच्या मधोमध, चौकटीत छापून आलं. धंद्याचं नाव: वेंडेलचं हॉर्सरॅडिश. मालक: वेंडेल ब्रेक्के. बस्स. खाली कोणी नाही.

लेक एडनात साप्ताहिक पहिल्या पानापासून नाही वाचत, नोटिशींपासून वाचतात. कॅफेत वेंडेलचं जंगी स्वागत झालं. त्याने फासे न टाकताच सगळ्यांच्या कॉफीचं बिल दिलं. कर्मिट म्हणाला, नंबर नाही घेतलास, शहाणा आहेस. हार्लन म्हणाला, तरी पाटी मोठी करू नकोस.

त्या गुरुवारी ड्वेन आला नाही.

मार्लिसने फोन केला. ड्वेन म्हणाला, ट्रकची बॅटरी बघायचीय. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या अंकात जाहिरात आली, आणि ड्वेन म्हणाला, शेजाऱ्याच्या साखरेच्या बिटांचे ट्रक चाललेत, जरा हात लावायचाय. रविवारी तो चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर न बसता मागे बसला आणि प्रार्थना संपल्याबरोबर निघून गेला. मार्लिसने त्याच्यासाठी डबा आणला होता, तो तिच्या हातातच राहिला. घरी येऊन मार्लिसने त्याची बशी धुतली, म्हणजे धुवायची गरज नसताना धुतली. तिला एकच भाऊ होता.

"कामात असेल," वेंडेल म्हणाला.

"ऑक्टोबर संपत आला. त्याला कसलं काम?"

बाजाराचा शेवटचा शनिवार तोंडावर होता, आणि तिसऱ्या गुरुवारीही ट्रक दारात लागला नाही. वेंडेलने एकट्याने घाणा काढायचं ठरवलं. त्यात अवघड ते काय, असं त्याला वाटलं. यंत्र त्याला ओळखत नव्हतं. पहिल्या झटक्यालाच यंत्राने अर्धा कंद छताला फेकला. पंखा चुकून उलट्या बाजूला फिरवलेला होता, त्यामुळे सगळा वास थेट घरात गेला आणि आतून मार्लिसचा आवाज आला, जो इथे देता येत नाही. मग घमेल्यावर वाकून, नाकाने काही कळतंय का याची वाट बघत तो उभा राहिला. नाकाला काहीही कळलं नाही. नाक त्या क्षणी त्याच्या मालकीचं नव्हतंच. चाचपडत त्याने व्हिनेगरची बाटली शोधली, ओतली आणि वीस मिनिटं अंगणात बसून राहिला.

शनिवारी बाजारात चर्चच्या पास्टर बाई नेहमीप्रमाणे आल्या. बिस्किटावर जरासं घेऊन त्यांनी तोंडात टाकलं. त्यांचे डोळे मोठे झाले, मग मिटले. एक हात टेबलाच्या कडेवर गेला. मग, आवाज परत आल्यावर, त्या हळूच म्हणाल्या, "हं. वेगळं आहे."

लेक एडनात जेवणाला यापेक्षा वाईट बोलता येत नाही. आजूबाजूच्या चार बायकांनी ते ऐकलं आणि हातातल्या बाटल्या पुन्हा टेबलावर ठेवल्या, अगदी हळूच, वेंडेलला वाईट वाटू नये म्हणून. आर्डिसने तेवढी एक घेतली. तिने या वेळी रोख पैसे दिले.

संध्याकाळी उरलेल्या बाटल्यांची खोकी वेंडेलने स्वयंपाकघरात आणून ठेवली. मार्लिस सूप ढवळत होती.

"मला समजत नाही," वेंडेल म्हणाला. "मी त्याला विचारलं होतं. सरळ विचारलं. तो स्वतः नाही म्हणाला."

"किती वेळा विचारलंस?"

"म्हणजे?"

"किती वेळा विचारलंस, वेंडेल?"

"एकदा."

मार्लिसने पळी भांड्यात सोडून दिली. "एकदा? अरे, त्याला कॉफी घ्यायची असली तरी मी तीनदा विचारते! आणि तू त्याच्या हातच्या कामाचं एकदा विचारून 'बरं' म्हणालास?"

"फॉर्मवर एकदाच विचारलं होतं," वेंडेल म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं की ही सबब नाही. नाही म्हटल्यावर ड्वेन घमेल्यावर वाकून तसाच थांबला होता. तो व्हिनेगरची वेळ बघत नव्हता. दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होता. म्हणूनच तो घाणा तिखट झाला होता. वेंडेल खुर्चीवर बसला. इतकं वाईट त्याला बाजारातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर तो शेतावर गेला. मार्लिसने खजुराच्या वड्या करून ड्वेनच्याच एका जुन्या ट्रेमध्ये दिल्या होत्या. तळाशी चिकटपट्टीवर त्याच्या आईचं नाव अजून होतं. ड्वेनने दार उघडलं, "ये," म्हणाला, आणि दोघं स्वयंपाकघरात बसले.

पहिली वीस मिनिटं बॅटरीवर गेली. बॅटरी ठीक होती, तिची तार खराब होती. मग पहिलं दव गोठलं त्या दिवसाबद्दल बोलणं झालं. बिटांना यंदा साखर कशी आहे ते झालं. वेंडेलला ड्वेनने कॉफी विचारली, वेंडेल दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा घेतली. दूध काढायला ड्वेनने फ्रिज उघडला तेव्हा वेंडेलचं लक्ष दाराकडे गेलं. दारावर ट्रॅक्टरच्या आकाराच्या चुंबकाखाली साप्ताहिकाची दोन कात्रणं होती. दोन्ही अंकांतली. कडा पट्टी लावून सरळ कापलेल्या.

"ही ठेवलीस?" वेंडेलने विचारलं.

"पेपरात नाव आलं ना तुझं," ड्वेन म्हणाला. "घरातलं कोणी पेपरात आलं की आई कापून ठेवायची."

वेंडेलने कप खाली ठेवला.

"ड्वेन, ते भागीदारीचं."

"ते झालं की. तू विचारलंस, मी नको म्हटलं."

"मी एकदाच विचारलं."

ड्वेन खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "हो," तो म्हणाला. "एकदाच."

"मग आता विचारतो. यात तू भागीदार आहेस असं लिहू का?"

"उगाच तुला व्याप. कागद बदलायचे, पेपरात पुन्हा द्यायचं."

"यंत्र तुझं," वेंडेल म्हणाला. "कंद तुझ्या आईचे. व्हिनेगर तुझ्या नाकावर चालतं. माझं काय तर लेबल. ते कोणी खात नाही. काल पास्टर बाई म्हणाल्या, वेगळं आहे."

ड्वेनने झटकन मान वळवली. "वेगळं म्हणाल्या?"

"चार जणींसमोर. ते जाऊ दे. गुरुवारी तू नसलास की मार्लिस दर दहा मिनिटांनी रस्त्याकडे बघते. मीही बघतो. हे मी फॉर्मसाठी विचारत नाहीये. तिसऱ्यांदा विचारतोय, ड्वेन."

ड्वेनने एक वडी उचलली, तिचे दोन तुकडे केले, एक परत ट्रेमध्ये ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "तुला लागतच असेल तर. पण अर्ध्याहून जास्त नको हं."

सोमवारी दुपारी तिघं संगणकापुढे बसले. भागीदारी म्हटल्यावर नंबर लागणार हे आता उघड होतं. फॉर्म चटचट भरत गेला, आणि मग एका जागी आला: जबाबदार व्यक्तीचं नाव. एकच.

"तुझं लिही," वेंडेल म्हणाला.

"छे, तुझं. तू शिकलेला."

"यंत्र तुझं आहे."

"लेबल तुझं आहे."

"तुझं लिही रे ड्वेन."

"उगाच कशाला? तूच बरा."

कोणी हार मानेना. वेंडेल खुर्ची मागे सारून उठला. ड्वेनही उठला, कारण एकटं बसून राहणं बरं दिसलं नसतं. मार्लिस हात बांधून बघत होती. बोलणं असं आणखी किती चाललं असतं कोण जाणे, पण पंधरा मिनिटं कोणी काहीच लिहिलं नाही म्हणून फॉर्म आपोआप बंद झाला. भरलेलं सगळं गेलं.

"सरका," मार्लिस म्हणाली. तिने खुर्ची ओढली, पहिल्यापासून सगळं पुन्हा भरलं, आणि त्या जागेशी आल्यावर कोणालाही एकदासुद्धा न विचारता ड्वेनचं नाव घातलं. "सामाजिक सुरक्षेचा क्रमांक सांग तुझा." ड्वेनने सैन्यात पाठ झालेला क्रमांक उभ्याउभ्या म्हणून दाखवला. थोड्याच वेळात पडद्यावर नऊ आकडे आले. एवढंच. सहा आठवडे ज्यासाठी गेले ते काम पुरतं दहा मिनिटांचंही नव्हतं. ड्वेनने छापलेला कागद हातात घेतला, नाव नीट लिहिलंय का ते पाहिलं आणि घडी न घालता, उभा धरून, ट्रकपर्यंत नेला.

बँकेत केल्सीने वेंडेलचा अर्धवट राहिलेला अर्ज रद्द करून भागीदारीचं खातं उघडलं. जाहिरात पुन्हा द्यावी लागणार होती, या वेळी दोन नावांची. "म्हणजे नंबर लागतच होता, मिस्टर ब्रेक्के?"

"एक प्रश्न मी नीट विचारला नव्हता."

"तुम्हीच सांगायचात, प्रश्न दोनदा वाचा."

"तीनदा," वेंडेल म्हणाला. "तेव्हा चुकीचं शिकवलं मी." केल्सीने आर्डिसचा मळलेला चेक घेतला आणि शिक्का मारला.

लेबल बदलू दिलं नाही ते ड्वेनने. लोकांना सवय झालीय, म्हणाला. साप्ताहिकाच्या मात्र त्याने पाच प्रती घेतल्या.

त्या गुरुवारी नऊला ट्रक दारात लागला. ड्वेन आत आला, टोपी काढून खुंटीला लावली आणि टेबलाशी त्याच्या नेहमीच्या जागी बसला. मार्लिस किटली घेऊन त्याच्याजवळ गेली.

"कॉफी घेणार?"

"हो," ड्वेन म्हणाला. "भरून दे."

मार्लिस किटली धरून तशीच उभी राहिली. दुसऱ्यांदा विचारायला तिने तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. वेंडेलने तिच्याकडे पाहिलं, मग ड्वेनकडे पाहिलं. ड्वेन कप पुढे करून वाट बघत होता. मार्लिसने कप काठोकाठ भरला, थोडी कॉफी बशीत सांडली, आणि ती पुसायला फडकं आणते म्हणून ती जी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग दोघा भागीदारांनी पोहण्याचे चष्मे चढवले आणि गॅरेजचं दार उघडलं.